सहाशे मिलिमीटरचा मोह

दिवाळीचा बोनस आणि एप्रिलचं इन्क्रिमेण्ट यांच्या मधले महिने फार वाईट. खात्यात थोडे पैसे पडून असतात, खर्चाला ठोस कारण नसतं आणि लंच टाइमला डबा खाताना मोबाइलवर बघायला काहीतरी लागतंच. आमच्या टीममधला एक जण या काळात बाइक बघतो. एक जण कर्जतला प्लॉट बघतो (गेली सहा वर्षं बघतोय). मी लेन्स बघतो.

यंदाची लेन्स होती सिग्माची १५०-६०० मिलिमीटर. वजन १९३० ग्रॅम. किंमत लाखाच्या आसपास, पाच-दहा हजार इकडेतिकडे. दिसायला दुधाच्या लहानशा कॅनसारखी, आणि उन्हासाठीचं हुड लावलं की थेट बंदुकीच्या जातीची. तीन महिने मी तिचे रिव्ह्यू वाचत होतो. शेवटी बायको म्हणाली, ‘‘एक तर घेऊन टाक, नाही तर तिच्याशी लग्न कर.’’

या कॉलमातून मी गॅजेट्सबद्दल अधूनमधून लिहितो, म्हणून कुणी ना कुणी विचारतंच, ‘छंदासाठी एवढी मोठी लेन्स घेणं वर्थ आहे का?’ इतके दिवस मी गुळमुळीत उत्तर देत होतो. या वेळी स्वतःच्या खिशाचा प्रश्न होता, त्यामुळे जरा नीट गणित मांडलं. तेच इथे देतोय.

आधी थोडी शाळा. ज्यांना येतं त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितका समोरच्या दृश्याचा लहान तुकडा फोटोत येतो, आणि तो तितका मोठा दिसतो. माझ्याकडे कॅननचा १५००डी आहे. २०१८ मध्ये आलेलं, नोकरी लागल्यावर अर्ध्या महाराष्ट्राने घेतलेलं मॉडेल. त्याबरोबर १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स मिळतात. या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असल्यामुळे फोटोग्राफर मंडळी आकड्याला १.६ ने गुणतात. म्हणजे माझी २५० वागते ४०० सारखी आणि सहाशेवाली वागली असती ९६० सारखी. हा ९६० चा आकडा ऐकूनच माणूस निम्मा घायाळ होतो.

पण आकड्याने घायाळ होण्याआधी एक सोपं सूत्र पाठ करा. वस्तूची उंची गुणिले लेन्सचे मिलिमीटर, भागिले अंतर. उत्तर येतं ती सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची उंची. माझ्या सेन्सरची उंची साधारण १५ मिलिमीटर. बस, एवढ्यावर सगळा निकाल लागतो. दुकानदाराला विचारायचीही गरज नाही.

हे सूत्र घेऊन मी आमच्या शीवच्या आसपास फिरलो. शीव म्हणजे वेस, हद्द. मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. म्हणून तर इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात, गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या कारकिर्दीत, इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. हद्दीपलीकडे काय चाललंय ते बघत बसायला. आज तिथे कॉलेजातली जोडपी बसतात आणि तीही पलीकडे कोण येतंय ते बघत असतात, असो. मुद्दा असा की किल्ल्यावर मला लांब लेन्स कधीच लागली नाही. पडक्या भिंती, पायऱ्या, खालची बाग, सगळं १८-५५ मध्ये मावतं. उलट तिथे अजून रुंद लेन्स असती तर बरं, असं वाटतं.

मग माटुंग्याचं दडकर मैदान. रविवारी सकाळी तिथे क्रिकेट चालू असतं. बाऊण्डरीवरून बॅट्समन धरा साठ मीटर. पावणेदोन मीटरचा माणूस, २५० ची लेन्स. उत्तर येतं सात मिलिमीटर, म्हणजे फ्रेमची जवळजवळ अर्धी उंची. कव्हर ड्राइव्हसाठी झकास. सहाशे लावली तर बॅट्समनचे पाय कापले जातील.

निसर्ग उद्यान. शीव-वांद्रे लिंक रोडवर, धारावीच्या कुशीत, मिठी नदीच्या काठी. एकेकाळची कचराभूमी, तिच्यावर झाडं लावून ३७ एकरांचं जंगल उभं केलं आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. शिंजीर, तांबट, हळद्या असं बरंच काही तिथे भेटतं. इथे लांब लेन्सचा मोह होतो खरा, कारण शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा जीव. पण तिथली अडचण निराळी आहे: अंधार. दाट झाडीखाली सकाळीसुद्धा उजेड कमी. ही स्वस्तातली, म्हणजे लाखातली, सहाशेवाली लेन्स पूर्ण लांबवली की एफ/६.३ वर येते, आत प्रकाश कमी घेते. त्यात हात हलू नये म्हणून शटर १/१००० च्या आसपास ठेवावं लागतं. लेन्समध्ये हादरा शोषणारी यंत्रणा असते, पण ती तुमचा हात सांभाळते, उड्या मारणाऱ्या शिंजिराला काही सांगत नाही. मग आयएसओ वाढवा, आणि वाढवला की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे. ज्या लेन्समध्ये हा प्रश्न येत नाही त्यांची किंमत ऐकायला घरातल्या सगळ्यांना आधी खाली बसवावं लागेल.

राहता राहिली शिवडी. खरं सांगायचं तर हा सगळा मोह शिवडीचाच.

शीवच्या माणसाला शिवडी अगदी जवळ. सेण्ट्रलच्या स्टेशनावर न जाता चालत गुरू तेगबहादूर नगरला जायचं, हार्बरची गाडी पकडायची, वडाळा गेलं की शिवडी. तिथल्या चिखलात १९९० च्या दशकापासून हजारोंनी रोहित येतात. फ्लेमिंगो हो. कच्छकडून हिवाळ्यात येतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लांबवर एक गुलाबी रेघ दिसली. फोटो काढला, घरी येऊन मोठा केला, तर गुलाबी रेघेचे गुलाबी ठिपके झाले. सूत्रात घाला: लहान रोहित उंचीला साधारण ८५ सेण्टिमीटर, अंतर शंभर मीटर, लेन्स २५०. उत्तर दोन मिलिमीटर आणि थोडं. फ्रेमचा सातवा हिस्सा. सहाशेवाली लावली तर पाच मिलिमीटर, म्हणजे एक तृतीयांश. सात आणि तीन यांतला फरक लाख रुपयांचा आहे का, एवढाच प्रश्न.

पण एक फुकटची लेन्सही आहे. भरती-ओहोटीचं कोष्टक. ओहोटीला पाणी मागे हटतं आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने लांब जातात. भरती चढायला लागली की तेच पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. शंभर मीटरचे पन्नास झाले की तुमची २५० ची लेन्स आपोआप ५०० ची होते, आणि वजन एक ग्रॅमही वाढत नाही. ही गोष्ट मला तिथे नेहमी येणाऱ्या एका रिटायर्ड काकांनी सांगितली. त्यांच्या गळ्यात फक्त दुर्बीण होती. मोठ्या लेन्सवाले बहुतेक जण मात्र रविवारी आपल्याला सोयीची वेळ म्हणून येतात आणि दोनशे मीटरवरच्या रेघेवर सहाशे मिलिमीटर रोखून उभे राहतात.

शिवडीचं चित्रही आता बदललंय. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि तो पूल नेमका शिवडीच्याच बाजूने समुद्रात शिरतो. पूल मागे धरून रोहितांचा फोटो काढायचा तर लांब लेन्सच हवी, कारण ती लांबच्या-जवळच्या गोष्टी एकमेकांना चिकटवून दाखवते. पण नुसते पक्षी बघायचे तर भांडुप आहे, ऐरोली आहे. ठाण्याच्या खाडीचा तो पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीची फेरी मिळते. बोट तुम्हाला पक्ष्यांच्या बाजूला घेऊन जाते, काहीशे रुपयांत. लाखाच्या तुलनेत हा सौदा बरा म्हणायचा.

आणि हवा? हवेचं कुणी बोलतच नाही. ऊन चढलं की चिखलावरची हवा तापून लहरायला लागते. सहाशे मिलिमीटरमधून ती अशी दिसते की तव्यावरच्या वाफेतून पक्षी बघतोय. मुंबईच्या जानेवारीतली धूळ त्यात मिळवा. तुम्ही लाखाची लेन्स लावा नाही तर दहा लाखांची, ती हवासुद्धा मोठी करूनच दाखवणार. सकाळचे पहिले दोन तास, बस. नंतर वडापाव.

ऑफिसातला मोबाइलवाला गट म्हणतो, लेन्स कशाला, आमच्या फोनात शंभर एक्स झूम आहे. आहे ना. सॅमसंगने २०२० पासून ते द्यायला सुरुवात केली. आणि २०२३ मध्ये त्यांच्याच फोनातल्या चंद्रावरून बराच गदारोळ झाला, कारण मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रावरही फोन खड्डे काढून देत होता. चंद्र सगळ्यांना ठाऊक आहे, फोनलाही. शिवडीचा अमुक एक रोहित कसा उभा होता ते फोनला ठाऊक नसतं. तो रोहित मला हवाय.

एवढं झाल्यावर कोणताही शहाणा माणूस म्हणेल, मग नको घेऊ, संपला विषय. पण विषय तिथे संपत नव्हता, कारण मध्ये बाबा होते.

आमच्या बाबांचा कॅमेरा होता आग्फाचा क्लिक थ्री. काळा डबा. एका रोलमध्ये बारा फोटो. रेल्वेच्या नोकरीत असताना ते गणपतीत रोल भरायचे आणि पुढच्या मे महिन्यात धुवायला द्यायचे. म्हणजे एका पाकिटात गणपती, कुणाचं तरी बारसं, महाबळेश्वर आणि शेवटी रोल संपवायचा म्हणून काढलेलं स्वयंपाकघरातलं आईचं वैतागलेलं तोंड. आमच्या घरातला आईचा सर्वांत चांगला फोटो तोच आहे. त्यांना पक्ष्यांची आवड. नावं फारशी माहीत नाहीत, पण खिडकीत बसून तासन् तास बघायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना वाचताना ओळीच्या मधली अक्षरं दिसेनाशी झाली. मॅक्युलर डिजनरेशन निघालं. दृष्टिपटलाचा अगदी मधला भाग झिजत जातो. कडेचं दिसतं, त्यामुळे माणूस घरात न धडपडता फिरतो, चहा न सांडता पितो. फक्त ज्याच्याकडे थेट बघावं नेमकं तेच धूसर. बाबा आता माझ्या तोंडाकडे बघायचं असलं की माझ्या कानाकडे बघतात. डॉक्टरांनी सांगितलं की असं जरा बाजूने बघायची सवय लागली तर चांगलंच आहे, आणि गोष्टी मोठ्या करून दाखवा. पेपर आता आई वाचून दाखवते, अग्रलेखावर स्वतःची मतं घालून.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडच्या गल्लीतला पिंपळ दिसतो. त्यावर घारीचं घरटं आहे. काटक्या, एक निळी पिशवी, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या परकराचा तुकडा. घारींना घर सजवायची हौस असते. हिवाळ्यात अंडी, मग पिल्लं, दीड-दोन महिन्यांत ती उडतात. दरवर्षी बाबा त्यांचा हिशेब ठेवायचे. यंदा म्हणाले, ‘‘अरे, घार आलेली कळते. मोठी सावली येते. पण घरट्यात काय आहे ते गेलं माझ्या हातचं.’’ दुर्बिणीचाही उपयोग नव्हता. ती डोळ्याला लावून पक्षी मधोमध धरायचा असतो, आणि मधोमधच तर काही नाही.

आता घाला सूत्रात. नकाशावर मोजलं तर घरटं नव्वद मीटरवर. घार साठ सेण्टिमीटर. माझ्या २५० ने सेन्सरवर येते १.६७ मिलिमीटर. माझ्या फोटोत पंधरा मिलिमीटरला ४००० ठिपके असतात, म्हणजे घारीच्या वाट्याला आले साडेचारशेच्या आत. आमचा टीव्ही फुल एचडी, उभे १०८० ठिपके. म्हणजे फोटो कापून टीव्हीवर लावला तर घार पडद्याच्या निम्म्यापेक्षा कमी, त्यापुढे नुसतं ताणणं. सहाशेने? चार मिलिमीटर. १०७० ठिपके. पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पुरी घार, एकही ठिपका न ताणता.

इतकं तंतोतंत जुळलेलं उत्तर मला दहावीच्या भूमितीतसुद्धा मिळालं नव्हतं. मी बायकोला वहीत मांडून दाखवलं. तिने वही नीट बघितली (ती सीए आहे) आणि म्हणाली, ‘‘बाबांसाठी घेतोयस की तुझ्यासाठी? दोन्हीला माझी हरकत नाही. फक्त बिलं वेगवेगळी कर.’’

म्हणून आधी भाड्याने आणली. मुंबईत लेन्स भाड्याने मिळते हे अजून बऱ्याच जणांच्या गावी नाही. ओळखपत्र आणि डिपॉझिट द्यायचं, दिवसाचे पैसे मोजायचे. मला दिवसाला बाराशे पडले. शुक्रवारी संध्याकाळी बोरा बाजारच्या बाजूला जाऊन लेन्स घेतली आणि परतीच्या गाडीत बॅग पोटाशी धरून उभा राहिलो. हात वर न करता येण्याइतकी गर्दी होती. शीवला उतरवलं ते खरं तर मागच्यांनी. घेण्याआधी तुम्हीही हा प्रयोग करा. वजन दुकानात कळत नाही, संध्याकाळच्या सातच्या गाडीत कळतं.

शनिवारी शिवडी. भरती बघून गेलो होतो. साडेअकराशे फोटो काढले, त्यातले ठेवण्यासारखे नव्वद, आणि त्या नव्वदातले चार असे की मी ते अजूनही रोज एकदा उघडतो. एका रोहिताने मान पाण्यात उलटी घातलीय आणि चोचीतून चिखलाचं पाणी गळतंय. तो दिवस मला आयुष्यभर पुरेल असं काही म्हणणार नाही, पण सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगला पुरला. दोन जणांनी मध्येच विचारलं, ‘‘कुठल्या चॅनेलचे?’’ आणि एका वॉचमनने परमिशन. लांब लेन्स लावली की तुम्ही आपोआप संशयित किंवा पत्रकार होता.

रविवारी घरटं. खिडकीत ट्रायपॉड, सकाळचं ऊन पाठीमागून. पिंपळाची पानं गळायला लागलेली, त्यामुळे आतलं मोकळं दिसत होतं. फोटो काढले, कार्ड टीव्हीला लावलं. पडद्यावर घार आली, गणिताप्रमाणे, कडेपासून कडेपर्यंत. तिच्या पोटाखालून एक मळकट पांढरं डोकं.

बाबा खुर्ची ओढून टीव्हीच्या पुढ्यात बसले. मान तिरकी करून, टीव्हीच्या शेजारच्या कॅलेण्डरकडे बघतोय असं वाटावं असे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘एकच दिसतंय. गेल्या वर्षी दोन होती.’’ आईने पदर डोळ्याला लावला आणि लगेच पोह्यांना फोडणी दिल्याचं कारण सांगितलं.

मी मनातल्या मनात ऑर्डर देऊन टाकली होती. तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘हे तासाभरापूर्वीचं झालं. आत्ता काय करतंय?’’

आत्ता! फोटोतून आत्ता कसं दाखवणार? मग आठवलं की या कॅमेऱ्याच्या बाजूला रबराच्या झाकणाखाली एक लहानसं छिद्र आहे, ज्यात मी घेतल्यापासून काहीही घातलेलं नाही. मिनी एचडीएमआय. खाली जाऊन केबल आणली, पाच मीटरची, हॉलपर्यंत पुरेल अशी. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं टीव्हीवर आलं. घार, घरटं, हलणारी पानं. पिल्लाने जांभई दिली, किंवा भूक सांगितली, घारींमध्ये फरक काय असतो मला माहीत नाही. बाबा हसले.

इथे माझ्यातला शाळकरी जागा झाला. या कॅमेऱ्यात फोकस तपासण्यासाठी स्क्रीनवरचं चित्र पाचपट आणि दहापट मोठं करायची सोय असते. मी सहाशेवाली काढून माझी जुनी २५० लावली आणि पाचपटीचं बटण दाबलं. १.६७ गुणिले पाच, आठ मिलिमीटरच्या वर. पडद्याची निम्मी उंची. चित्र सहाशेइतकं खणखणीत नव्हतं. पिसांच्या रेघा गेल्या, डोळ्यातली चमक गेली.

‘‘बाबा, आधीचं चांगलं होतं का हे?’’

‘‘काय बदललं?’’ बाबांनी विचारलं.

त्यांच्या डोळ्याला रेघ दिसत नाहीच. आकार लागतो आणि हालचाल लागते. ती दोन्ही जुन्या लेन्सने दिली, जिचं वजन चारशे ग्रॅमसुद्धा नाही. मी दोन-तीनदा लेन्स आलटून पालटून लावल्या, काही न सांगता. दहा दिवसांनी डोळ्यांचे डॉक्टर जे करतात तेच, पण फी न घेता. त्यांना फरक कळला नाही. टीव्हीवरच्या रंगांबद्दल मात्र तक्रार केली.

तर बिलं अशी वेगळी झाली. बाबांचं बिल: एक केबल, आणि बॅटरीच्या जागी बसणारा, थेट प्लगला लावायचा एक अडॅप्टर. कारण चित्र सतत चालू ठेवलं की या कॅमेऱ्याची बॅटरी तास-दीड तासात मान टाकते. सगळं मिळून तीन हजारांच्या आत. ट्रायपॉड घरचाच.

आता माझं बिल. प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. गेल्या वर्षभरातले फोटो मी कॉम्प्युटरवर त्याप्रमाणे लावून बघितले. तुम्हीही कराच, फार नाक कापणारा प्रकार आहे. निम्म्याहून जास्त फोटो १८ ते ५५ मधले: ट्रेक, भाचीचा वाढदिवस, लालबागची गर्दी. २५० च्या टोकाला जाऊन ‘अजून थोडं हवं होतं’ वाटावं असे फोटो वर्षातल्या १४ दिवसांचे होते. फक्त १४. पंचाण्णव हजार भागिले बाराशे म्हणजे ७९ दिवसांचं भाडं. माझ्या वेगाने साडेपाच वर्षं.

पण सीए बायकोने लगेच माझीच बाजू घेतली. म्हणाली, लेन्स पुन्हा विकताही येते. नीट ठेवली आणि पंचावन्न हजार आले तर खरा खर्च चाळीस. म्हणजे ३३ दिवस. सव्वादोन-अडीच वर्षांत वसूल. हे खरं आहे, आणि लेन्स घेऊच नका म्हणणारे हे सांगत नाहीत. फक्त नीट ठेवणं हा शब्द मुंबईच्या जुलैला विचारून बघा. कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे काचेला काय येईल? हवाबंद डबा, सिलिका जेल, ते ओलं झालं की तापवून पुन्हा कोरडं करणं, नाही तर विजेवर चालणारं छोटं कपाट. लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरली की पंचावन्नचे पंधरा होतात. भाड्याच्या लेन्सची ही काळजी जून ते सप्टेंबर दुसरा कुणीतरी करतो, आणि तेव्हा रोहितही कच्छला असतात.

म्हणून यंदा घेतली नाही. कधीच घेणार नाही असं मात्र नाही. फ्रिजवर एक कागद लावलाय, भाड्याने आणली की एक रेघ. वर्षात पंचविसाच्या वर गेलो तर सेकंड हॅण्ड घेईन. आता सगळे मिररलेसकडे पळतायत, त्यामुळे जुन्या माउण्टच्या चांगल्या लेन्स बाजारात बऱ्याच आहेत. घेताना लेन्समधून आरपार मोबाइलचा टॉर्च मारून बघा, आत जाळी किंवा धुकं दिसलं तर कितीही स्वस्त असली तरी हात जोडून बाहेर या. आणि आपल्या कॅमेऱ्यावर चार फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमचे दिवस माझ्यापेक्षा जास्त असतील, दर शनिवारी भांडुपला जात असाल, तर ही सगळी गणितं तुमच्या बाजूने फिरतील आणि मी तुम्हाला अडवणार नाही. फक्त आकडे तुमचे घाला, रिव्ह्यूवाल्याचे नको.

आमच्याकडे सध्या वेगळाच पेच झालाय. कॅमेरा एक आणि मागणी दोघांची. शेवटी तह झाला: शनिवार सकाळ माझी, बाकीचा आठवडा घारीचा. या शनिवारी भरती सोयीची आहे, लेन्स सांगून ठेवलीय. रविवारी मात्र कॅमेरा खिडकीतून हलवायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. बाबांचे रेल्वेतले दोन मित्र कल्याणहून पिल्लू बघायला येणार आहेत, आणि आईने त्यांच्यासाठी साबुदाणा भिजत घालायचं कबूल केलंय.